पुण्याहून सहार विमानतळ : रेल्वे, मेट्रो आणि घड्याळ

पुणे, प्रतिनिधी - परदेशी निघालेल्या पुणेकराला विमानात बसण्याआधी घाट ओलांडावा लागतो. लोहगावचा विमानतळ मूळचा हवाई दलाचा असून तेथून थेट परदेशी जाणारी विमाने मोजकीच आहेत. त्यामुळे युरोप-अमेरिकेला निघालेले विद्यार्थी, मुलांना भेटायला जाणारे आई-वडील आणि आखातात नोकरीसाठी जाणारे कामगार यांपैकी अनेकांना मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाची वाट धरावी लागते. घरासमोरून निघून थेट विमानतळावर सोडणारी खासगी मोटार हा सोयीचा मार्ग खरा. पण तो प्रत्येकाच्या खिशाला परवडतोच असे नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबईची भूमिगत मेट्रो कफ परेडपर्यंत धावू लागल्यापासून रेल्वेने जाऊन मेट्रोने विमानतळ गाठणे शक्य झाले आहे. मात्र हा मार्ग घड्याळाच्या काट्यावर चालतो. तो नीट समजून घेतला नाही, तर वाचलेल्या भाड्याच्या कित्येक पट किमतीचे विमान चुकू शकते.

आधी तिकीट पाहा

प्रवासाचे नियोजन तीन गोष्टी पाहून करावे. पहिली तारीख. पंधरा तारखेला ००.३० वाजता सुटणाऱ्या विमानासाठी चौदा तारखेच्या रात्रीच विमानतळावर हजर राहावे लागते. पंधरा तारखेच्या संध्याकाळी पोहोचणाऱ्याचे विमान आदल्या रात्रीच गेलेले असते.

दुसरी गोष्ट विमानतळाची. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी उड्डाणे सुरू झाली. त्यामुळे तिकिटावर नुसते 'मुंबई' वाचून भागत नाही. 'बीओएम' हे संकेताक्षर सहार-सांताक्रूझच्या जुन्या विमानतळाचे, तर 'एनएमआय' हे नवी मुंबईचे आहे. दोन्ही ठिकाणे खाडीच्या दोन बाजूंना आहेत, आणि ऐनवेळी एकाकडून दुसरीकडे जाणे जिकिरीचे आहे.

तिसरी गोष्ट टर्मिनलची. आंतरराष्ट्रीय विमाने सहारच्या टर्मिनल दोनवरून सुटतात. पुढचे विमान दिल्ली किंवा बंगळुरूहून असेल, तर मुंबईहून पहिला टप्पा कोणत्या टर्मिनलवरून आहे हे तिकिटावर पाहून घ्यावे.

पहिला मार्ग : सीएसएमटीहून मेट्रो

पुणे ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी) हे रेल्वेचे अंतर १९२ किलोमीटर आहे. पुण्याहून सकाळी सिंहगड, डेक्कन क्वीन व प्रगती, दुपारी डेक्कन एक्स्प्रेस आणि सायंकाळी इंटरसिटी एक्स्प्रेस मुंबईस जातात. प्रवासाला साधारण सव्वातीन ते चार तास लागतात. या गाड्यांना नोकरदार प्रवाशांची गर्दी असते. त्यामुळे सामान बरोबर असताना आरक्षणाशिवाय जाण्याचे धाडस करू नये.

सीएसएमटी हे या गाड्यांचे अखेरचे स्थानक असल्याने सामान उतरवायला वेळ मिळतो. रेल्वे स्थानकालगतच मेट्रो-३ चे भूमिगत स्थानक आहे. तेथून आरेच्या दिशेची गाडी पकडली की, ती दादर, वांद्रे-कुर्ला संकुल आणि सांताक्रूझवरून विमानतळाकडे जाते. आधी टर्मिनल एकचे स्थानक येते, मग सहार रोड आणि त्यानंतर टर्मिनल दोन. घाईत टर्मिनल एकला उतरू नये. या टप्प्याला सुमारे पाऊण तास धरावा. ३३.५ किलोमीटरच्या या मार्गावर अंतरानुसार १० ते ७० रुपये भाडे आकारले जाते.

नकाशावर दादरला उतरणे जवळचे दिसते. प्रत्यक्षात मेल-एक्स्प्रेस तेथे काही मिनिटेच थांबते. मेट्रोचे दादर स्थानक पश्चिमेला आहे, तर मध्य रेल्वेचे फलाट पूर्वेकडे. मधला पूल आणि बाजारातील गर्दी पाहता, जड बॅगा असलेल्यांनी सीएसएमटीपर्यंत जाणेच बरे.

दुसरा मार्ग : घाटकोपरहून

कल्याण किंवा ठाण्याला थांबणारी गाडी असेल, तर तेथे उतरून लोकलने घाटकोपर गाठता येते. घाटकोपरहून वर्सोव्याकडे जाणाऱ्या मेट्रो-१ ने चौथे स्थानक मरोळ नाका. तेथे मेट्रो-३ मध्ये बदल केला की, दक्षिणेकडचे पुढचेच स्थानक टर्मिनल दोनचे. अंतर कमी पडते. पण चढ-उतार वाढते.

हा मार्ग हलके सामान असलेल्यांसाठी आहे, आणि तोही सकाळी टाळावा. सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये आणि घाटकोपरहून अंधेरीकडे निघालेल्या मेट्रोत पाय ठेवायला जागा नसते. सायंकाळी गर्दीचा ओघ उलटा असतो, तेव्हा हा पर्याय सुसह्य ठरतो.

बसने जायचे झाल्यास

एसटीची शिवनेरी दादरपर्यंत नेते. द्रुतगती मार्गावरील कोंडी आणि मुंबईत शिरताना लागणारा वेळ यांचा अंदाज बांधणे मात्र अवघड असते. दादरहून पुढे मेट्रो किंवा टॅक्सी घेता येते.

खरी अडचण रात्रीची

परदेशी जाणारी बरीच विमाने मध्यरात्र ते पहाट या वेळेत सुटतात. नेमकी याच काळात सार्वजनिक वाहतूक झोपलेली असते. मेट्रो-३ ची सेवा रात्री साडेदहाच्या सुमारास थांबते आणि सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते. लोकलही मध्यरात्रीनंतर काही तास बंद असतात. म्हणून हिशेब विमानाच्या वेळेपासून उलटा मांडावा.

समजा, विमान रात्री दोनचे आहे. तीन तास आधी, म्हणजे अकराला, विमानतळावर असायला हवे. त्यासाठी नऊच्या आत मेट्रो पकडावी, म्हणजे थोडी सवड राहते. याचा अर्थ पुण्याहून दुपारची डेक्कन एक्स्प्रेस धरावी. ती तास-दोन तास रखडली तरी मेट्रो मिळते. सायंकाळची इंटरसिटी वेळेवर पोहोचली तर ठीक. उशीर झाला तर टॅक्सीखेरीज उपाय नाही. बहुतेक विमान कंपन्या उड्डाणापूर्वी सुमारे तासभर नोंदणी बंद करतात, आणि रेल्वेच्या उशिराचे कारण तेथे ऐकले जात नाही.

पावसाळ्यात आणखी एक गाडी आधी निघावे. लोणावळा ते कर्जत या बोरघाटात दरड कोसळली की वाहतूक ठप्प होते. २६ जुलै २००५च्या पावसात तर रेल्वे, रस्ते आणि खुद्द विमानतळही बंद पडला होता.

निघण्यापूर्वी

मेट्रोत सामानाची यंत्राद्वारे तपासणी होते आणि वजन-आकारमानावर मर्यादा आहेत. ते नियम आधी पाहावेत. दोन मोठ्या बॅगा व बरोबर वृद्ध माणसे असतील, तर रेल्वेने मुंबई गाठून शेवटच्या टप्प्यासाठी टॅक्सी करणे शहाणपणाचे. पारपत्र आणि तिकीट हाताशी ठेवावे. त्याशिवाय टर्मिनलच्या दारातून आत सोडत नाहीत. मेट्रोचे स्थानक जमिनीखाली, तर प्रस्थानाचे दालन वरच्या मजल्यावर आहे, तेव्हा त्या चालण्यालाही वेळ ठेवावा.

लवकर पोहोचल्यास चार-पाच तास बाकावर बसून काढावे लागतील. सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्याने हे बसणे प्रवासाचाच भाग मानावे. वाचलेल्या पैशांची तेवढी किंमत मोजायची तयारी असेल, तर हा मार्ग भरवशाचा आहे.