डॉक्टर मँटेल यांची मेरी

इंग्लंडमधल्या लुइस या लहानशा गावात गिडियन मँटेल नावाचे डॉक्टर होते. दिवसभर रोगी, बाळंतपणं. उरलेला वेळ दगडात रुतलेल्या जुन्या हाडांना. १८१६ साली मेरी त्यांची बायको झाली. १८२२च्या त्यांच्या पुस्तकासाठी त्यांनी काढलेली चित्रं छपाईला कोरून दिली ती मेरीनं. पुस्तकावर तसं छापलंय, हे त्या काळी थोडं नव्हे! इग्वानोडॉन या अवाढव्य प्राण्याचा दात तिलाच रस्त्याकडेला सापडला म्हणतात. अभ्यासकांना ते पटत नाही. कोरीवकामाबद्दल मात्र शंका नाही.

१८३३मध्ये बिऱ्हाड ब्रायटनला हललं आणि घराचंच संग्रहालय झालं. हाडं बघायला गर्दी, औषधाला कुणी नाही. चार मुलांच्या आईनं संसार मांडायचा कुठं? शेवटी संग्रह ब्रिटिश म्युझियमला ४००० पौंडांना विकला. तोवर उशीर झाला होता. १८३९मध्ये मेरी घर सोडून गेली.

राणी व्हिक्टोरिया गादीवर येऊन दोनच वर्षं झाली होती. कायद्यानं मुलं बापाची. त्याच वर्षी नवा कायदा आला. आईला मुलांच्या ताब्यासाठी अर्ज करता येऊ लागला, पण मूल सात वर्षांखालचं असेल तरच. मेरीची सगळी मुलं त्याहून मोठी होती.