ब्रासेरो पद्धती

ब्रासेरो पद्धती : मेक्सिकन शेतमजुरांना मुदतीच्या करारावर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आणण्याची १९४२ ते १९६४ या काळातील व्यवस्था. ‘ब्रासेरो’ ही संज्ञा ‘बाहू’ या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून आली आहे. दुसऱ्या महायुद्धात शेतीला मजूर अपुरे पडू लागल्याने ४ ऑगस्ट १९४२ रोजी उभय देशांत करार झाला. प्रचलित दराने, परंतु तासाला ३० सेंटांहून कमी नाही, अशी मजुरी, निवास व परतीचा प्रवासखर्च यांची हमी त्यात होती. एकूण सु. ४६ लाख करार झाले. तथापि एकच मजूर अनेकदा करार करीत असल्याने मजुरांची संख्या याहून बरीच कमी होती.

हमी असलेला मजूर मालकास महाग वाटे. त्यामुळे या व्यवस्थेबरोबरच विनापरवाना मजुरांची भरतीही वाढत गेली. टेक्सासमधील वांशिक भेदभावामुळे मेक्सिकोने प्रारंभी तेथे मजूर धाडण्याचे नाकारले, तेव्हा तेथील बागायतदारांनी रीओ ग्रांदे नदी ओलांडून चोरून येणाऱ्यांना कामावर घेतले. अशा मजुराची मजुरी बुडाली, तरी त्याला दाद मागता येत नसे. कारण तक्रार करणे म्हणजे हद्दपारी ओढवून घेणे. त्याची मजुरी कामाच्या मोलापेक्षा या भीतीवरूनच ठरे, असे म्हणावे लागते. तिचा परिणाम स्थानिक मजुरांच्या दरांवरही होई. शेतमजुरांना संघीय किमान वेतनाचे संरक्षण १९६६ च्या दुरुस्तीपर्यंत मुळी नव्हतेच. १९४९ मध्ये तर शेतांवर आधीच राबणाऱ्या विनापरवाना मजुरांनाच करार देऊन नियमित करण्यात आले. त्यांची संख्या नव्याने आणलेल्या ब्रासेरोंच्या कित्येक पट होती.

१९५२ च्या कायद्याने विनापरवाना परकीयास आश्रय देणे हा गुन्हा ठरविला. मात्र त्याला नोकरीवर ठेवणे म्हणजे आश्रय देणे नव्हे, असा अपवादही त्यातच घातला. तो ‘टेक्सास परंतुक’ म्हणून ओळखला जातो आणि या इतिहासाची किल्ली त्यातच आहे. १९५४ मध्ये सरकारने मजुरांची प्रचंड धरपकड केली. मालकांना मात्र त्यांच्या जागी ब्रासेरो पुरविले. १९५६ मध्ये ब्रासेरोंची संख्या सु. ४ लाख ४५ हजारांवर गेली.

कामगार संघटनांच्या विरोधामुळे ही पद्धती १९६४ अखेर बंद झाली. तीमुळे रूढ झालेले येणेजाणे मात्र चालूच राहिले. विनापरवाना मजुरास जाणूनबुजून कामावर ठेवणाऱ्या मालकास शिक्षेची तरतूद १९८६ च्या कायद्याने केली. त्यानुसार सु. २७ लाख लोकांना वास्तव्याचा परवानाही मिळाला. परंतु सकृद्दर्शनी खरी वाटणारी कागदपत्रे पाहिली, की मालकाची जबाबदारी संपे. शिवाय अनेकांनी भरतीचे काम मुकादमांकडे सोपविले. कामगार संघटनेस साहाय्य केल्याबद्दल बेकायदा काढून टाकलेल्या विनापरवाना कामगारास बुडालेले वेतन मागता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला.