गच्चीवरचा अँटेना : १९७८ ते १९९३

स्मरणिका समितीने इतिहासाची वाटणी केली तेव्हा जागेची खरेदी, नोंदणी आणि पाण्याची जोडणी हे मोठे विषय इतर सभासदांकडे गेले. माझ्या वाट्याला गच्ची आली. नव्या सभासदांना वाटेल, गच्चीला कसला आलाय इतिहास? पण सुरुवातीच्या दहा वर्षांत आपल्या सोसायटीत सगळ्यात जास्त वाद जर कशावरून झाले असतील, तर ते गच्चीवरून, आणि गच्चीवर होता अँटेना.

आधी थोडं भूगोलाचं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच. मधली जमीन सपाट असती तर एवढ्या उंचीवरून निघालेल्या लहरी सत्तर-ऐंशी किलोमीटरपर्यंत सहज पोचल्या असत्या. डोंबिवली वरळीपासून सरळ रेषेत जेमतेम पस्तीस-छत्तीस किलोमीटरवर. म्हणजे चित्र आरशासारखं यायला हवं होतं. पण ती सरळ रेषा ऐरोलीवरून निघते आणि पारसिकच्या डोंगराला धडकते. आपल्याकडच्या चाकरमान्यांना तो डोंगर त्यातल्या बोगद्यामुळे ठाऊक आहे. १९१६ साली तो बोगदा खुला झाला आणि फास्ट गाड्यांना वाट मिळाली. टीव्हीच्या लहरींसाठी मात्र कोणी बोगदा खणला नाही. आपण त्या डोंगराच्या सावलीत आलो.

तरीही काहीतरी दिसायचं, याचं कारण लहरीच्या लांबीत आहे. मुंबई केंद्राचं प्रक्षेपण चार नंबरच्या चॅनलवर, म्हणजे ६१ ते ६८ मेगाहर्ट्झमध्ये. या लहरीची लांबी सुमारे साडेचार मीटर. लहर जेवढी लांब तेवढी ती अडथळ्याच्या माथ्यावरून थोडी वाकून पलीकडे उतरते. आपल्यापर्यंत यायची ती ही वाकून आलेली, दमलेली लहर. आणि अँटेनाची मुख्य कांडी लहरीच्या निम्म्या लांबीची लागते, म्हणून गच्चीवरच्या त्या दांड्या सात फुटांहून लांब असायच्या. लहान मुलं विचारायची, एवढ्याशा डब्याला एवढा मोठा अँटेना कशाला? त्याचं उत्तर वरळीत होतं.

१९७८ साली आपण राहायला आलो तेव्हा सोळा घरांत मिळून दोन टीव्ही होते. दोघांनीही आधी दुकानदाराने दिलेला, टीव्हीवर ठेवायचा दोन शिंगांचा अँटेना लावून पाहिला. त्यावर मुंग्यांशिवाय काही येईना. सिमेंट आणि सळयांच्या भिंती, त्यात वरून डोंगर. आठवड्याभरात दोन्ही अँटेना गच्चीवर चढले. मग एकजण वर, एकजण जिन्यात आणि एकजण टीव्हीसमोर. ‘आलं का?’ ‘आलं... गेलं! थोडं मागे!’ जिन्यातल्या माणसाचं काम निरोप पोचवायचं, आणि बहुतेक वेळा निरोप पोचेपर्यंत वरच्याने दिशा बदललेली असायची. रविवारच्या सिनेमाआधीचा हा कार्यक्रम सिनेमाइतकाच ठरलेला होता.

१९८२ च्या ऑगस्टमध्ये रंगीत प्रक्षेपण आलं, नोव्हेंबरमध्ये एशियाड झालं आणि टीव्हींची संख्या भराभर वाढली. १९८४ च्या उन्हाळ्यात मी मोजले तेव्हा गच्चीवर अकरा अँटेना होते. प्रत्येकाचा वेगळा प्रकार. कोणाच्या चार दांड्या, कोणाच्या सहा. कोणाचा बूस्टर खांबावर, कोणाचा टीव्हीमागे. प्रत्येकजण शेजाऱ्यापेक्षा दोन फूट लांब पाइप आणायचा, कारण उंच अँटेना म्हणजे चांगलं चित्र असा सगळ्यांचा समज. तो अर्धाच खरा होता. उंचीने फायदा होतो, पण दोन मोठे अँटेना हातभर अंतरावर उभे केले की ते एकमेकांच्या लहरीत ढवळाढवळ करतात. एकाने आपला फिरवला की दुसऱ्याचं चित्र बिघडायचं, आणि मग दुसरा वर जाऊन पहिल्याचा फिरवून यायचा. हे उद्योग रात्री व्हायचे. नावं सगळ्यांना माहीत आहेत, इथे लिहीत नाही.

बूस्टरबद्दलही असाच गैरसमज होता. बूस्टर जे येईल ते मोठं करतो. चित्र आलं तर चित्र, मुंग्या आल्या तर मुंग्या. टीव्हीमागे लावलेल्या बूस्टरपर्यंत पोचताना कमकुवत लहर साठ-सत्तर फूट वायरमध्ये आणखी झिजलेली असते, त्यामुळे तो मुख्यतः मुंग्याच वाढवतो. खांबाच्या टोकाशी, अँटेनालगत लावला तर थोडा उपयोग.

हे सगळं गमतीत चाललं असतं, पण ते पाइप उभे करण्यासाठी गच्चीच्या कोब्यात भोकं पाडलेली होती. अकरा अँटेना आणि त्यांचे ताण धरून मिळून तीसच्या वर भोकं. १९८४ च्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या चारपैकी तीन घरांत छत गळू लागलं. एका घरात तान्हं मूल होतं, आणि पाळणा रोज एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलवावा लागे. त्या घरात टीव्ही नव्हता. त्यांनी लेखी मागणी केली की पुढच्या पावसाआधी गच्चीवरचे सगळे अँटेना काढावेत. मागणी अगदी रास्त होती. पण टीव्हीवाल्या अकरा घरांनी पदरचे पैसे घातले होते, पोस्टात लायसन्स फी भरत होते, आणि ‘आमच्या हक्काच्या गच्चीवर’ ही भाषा सुरू झाली. दोन कुटुंबांचं बोलणं बंद झालं. गणपतीत आरतीला वरचा मजला एका बाजूला आणि बाकीचे दुसऱ्या बाजूला उभे होते, हे मला अजून आठवतं.

नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधींच्या अंत्ययात्रेचं थेट प्रक्षेपण झालं. अकरा टीव्ही असलेल्या इमारतीत त्या दिवशी चित्र धड दिसत होतं ते एकाच घरात. सगळे तिथेच जमले, वरच्या मजल्यावरचेही. टेलिफोन खात्यात एक्स्चेंजमध्ये काम करणारे आपले एक सभासद (पुढे ते पुण्याला गेले) तिथेच म्हणाले, ‘अकरा वाईट अँटेनांच्या ऐवजी एक चांगला लावू. भोकं चारच पडतील.’

आता निवडीचं. बाजारात जाऊन सगळ्यात मोठा अँटेना आणणं सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही. आधी आपला आजार कोणता ते ठरवू, असं त्यांचं म्हणणं. चित्रात दोन दोष होते. एक मुंग्या, म्हणजे लहर कमजोर. दुसरा डबल इमेज, म्हणजे माणसाच्या उजव्या अंगाला त्याचीच फिकट सावली. दुसऱ्याचं कारण असं, की एक लहर सरळ येते आणि तीच कशावर तरी आपटून क्षणभर उशिरा येते. टीव्हीचा किरण पडद्यावर डावीकडून उजवीकडे धावत असतो, म्हणून उशिरा आलेलं चित्र उजवीकडे सरकून उमटतं. त्यांनी चक्क फूटपट्टी घेऊन पडद्यावरचं ते अंतर मोजलं. वीस इंची पडद्यावर अर्धा सेंटिमीटर. पडद्याची एक ओळ ५२ मायक्रोसेकंदांत रंगते आणि लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. हिशेब केला तर उशिरा येणारी लहर सुमारे २०० मीटर जास्त चालून येत होती. ती मागून परत येत असेल तर जाऊन-येऊन दोनशे, म्हणजे अडथळा आपल्या मागे शंभर मीटरवर. आम्ही गच्चीवर जाऊन ईशान्येला पाहिलं. मागच्या गल्लीत नुकतीच चार मजली इमारत उभी राहिली होती. पडद्यावरच्या सावलीवरून इमारत शोधणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्यामुळे अँटेना असा हवा होता, जो समोरचं जोरात ऐकेल आणि मागचं अजिबात ऐकणार नाही. आपण वापरत होतो तो प्रकार जपानी. सेंदाईच्या विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास तो शोधला. काम मुख्यतः उदांचं, पण इंग्रजीत निबंध यागींनी लिहिला म्हणून नाव त्यांचं चिकटलं. (सोसायट्यांतही असं होतं.) यात वायर जोडलेली कांडी एकच असते. तिच्या मागची, किंचित लांब कांडी आरशाचं काम करते आणि पुढच्या आखूड कांड्या लहरीला वाट दाखवतात. पुढे कांड्या वाढवल्या की त्या दिशेची लहर अधिक गोळा होते, पण प्रत्येक वाढीव कांडीचा फायदा आधीच्यापेक्षा कमी. लांबी मात्र वाढत जाते, आणि साडेचार मीटरच्या लहरीसाठी अँटेना इतका लांब होतो की आषाढातल्या वाऱ्यात टिकत नाही. आपण पाच दांड्यांचा घेतला, मागे एकाऐवजी दोन आरसे बसवून घेतले, आणि जाड अल्युमिनियमचा घेतला, कारण कावळे बसून पातळ दांड्या वाकतात हे सहा वर्षांत कळलं होतं.

जागा ठरवायला दोन रविवार गेले. लहान टीव्ही गच्चीवर नेला, वायर ओढली, आणि बांबूला अँटेना बांधून आम्ही गच्चीभर फिरलो. सर्वांत उंच जागा टाकीवरची, पण तिथे चित्र सर्वांत वाईट. नैऋत्य कोपऱ्यात कठड्यापासून चार फूट आत आलो की मुंग्या एकदम विरळ. सरळ आणि परतून आलेल्या लहरी काही ठिकाणी एकमेकींना मारतात, काही ठिकाणी साथ देतात, आणि दोन जागांत फरक चार-पाच फुटांचाच असतो. गच्चीवर खडूने फुली मारली.

डिसेंबरच्या विशेष सर्वसाधारण सभेत खर्चावरून खडाजंगी झाली. टीव्हीवाले म्हणाले, आम्ही अकराजण पैसे भरतो, अकरांनाच जोडणी. बिनटीव्हीवाल्या पाच घरांपैकी काही म्हणाले, आम्हांला एक पैसा खर्च नको. तेव्हा एक्स्चेंजवाल्यांनी सांगितलेली गोष्ट मला या सगळ्या इतिहासात महत्त्वाची वाटते. वायर गच्चीवरून निघून मजल्यामजल्याने, घराघरातून खाली जाणार. सोळा घरांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला एक-सोळांशाहून कमी लहर येणार, म्हणून वाटण्याआधीच ॲम्प्लिफायर हवा. इथवर सगळ्यांना पटलं. पण ज्या घरात टीव्ही नाही तिथला पॉइंट उघडा राहिला, तर लहर तिथे आपटून वायरमध्ये परत फिरते आणि बाकीच्यांच्या पडद्यावर सावली पाडते. म्हणून बिनटीव्हीच्या घरातही पॉइंट बसवायचा आणि त्यात ७५ ओहमचा छोटा रेझिस्टर घालून तो मिटवायचा. त्याची किंमत रुपयाच्या आत.

सभा थोडी गप्प झाली. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाई म्हणाल्या, ‘मला टीव्ही नको. पण वायर माझ्या भिंतीतून जाणार असेल तर मला विचारायला हवं, आणि आज पहिल्यांदा कोणीतरी विचारतंय.’ ठराव असा झाला : अँटेना, ॲम्प्लिफायर आणि उभी वायर यांचा खर्च टीव्हीवाल्यांनी समान वाटून घ्यावा, पाच घरांचे पॉइंट आणि गच्चीची दुरुस्ती सोसायटीच्या निधीतून व्हावी, खाजगी अँटेना मार्चअखेर उतरवावेत. बाजूने नऊ, विरुद्ध पाच, दोन गैरहजर. विरोधातले पाचही टीव्हीवाले होते, हे इतिवृत्तात आहे म्हणून लिहितो. पाच अँटेना मार्चमध्ये उतरले, बाकीचे मे महिन्यात, शेवटचा तर पाऊस दाराशी आल्यावर. कोबा नवा झाला. त्या पावसाळ्यात पाळणा जागचा हलला नाही.

चित्र आरशासारखं कधीच झालं नाही. मुंग्या कमी झाल्या, सावली जवळजवळ गेली. १९८५ मध्ये मुंबईची दुसरी वाहिनी सुरू झाली. तिची लहर आखूड, म्हणजे डोंगरावरून वाकायला आणखी नाखूश. तिच्यासाठी त्याच खांबावर दुसरा छोटा अँटेना बसवला, पण ती आपल्याकडे शेवटपर्यंत पुसटच राहिली. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं आणि दोन-तीन महिन्यांत उरलेल्या पाचांपैकी चार घरांत टीव्ही आला. पॉइंट तयारच होते, फक्त रेझिस्टर काढायचा. शिक्षिकाबाईंनी मात्र शेवटपर्यंत टीव्ही घेतला नाही.

१९९२ च्या सुमारास केबलवाला आला. त्याने एका इमारतीवरून दुसरीवर वायर टाकली आणि पारसिकच्या डोंगराचा प्रश्न महिन्याला ठरावीक रकमेत सुटला. आपली उभी वायर त्याने तशीच वापरली. १९९३ च्या एप्रिलमध्ये अँटेना उतरवून भंगारात दिला. खांब ठेवला, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला झेंडा त्यावरच लागतो. पुढे सेट टॉप बॉक्सची चर्चा सुरू झाली, तेव्हाही पुन्हा प्रश्न तोच, कोणी किती भरायचं.

नव्या सभासदांपैकी दोघांनी मला विचारलं होतं, हॉलच्या खिडकीखाली भिंतीत जी चौकोनी डबी आहे ती कसली. ती हीच. रंगकामात कोणी उखडली असेल तर हरकत नाही, आता तिचा उपयोग नाही. पहिल्या मजल्यावरच्या एका घरातल्या डबीत तो रेझिस्टर अजून आहे, गेल्या दिवाळीत मी उघडून पाहिला.