खोलीचा प्रश्न

मोशी मागे टाकून नाशिकच्या रस्त्याने कुरुळीच्या शिवारात शिरले, की जेथला कांदा एके काळी चाकणच्या बाजारात जात असे तेथे आता पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा दिसतात. आणि रात्रपाळी करून आलेला, मराठवाड्याकडचा एखादा मुलगा उंबऱ्यावर मुक्त विद्यापीठाचे पुस्तक उघडून बसलेला आढळतो. खुंटीवरच्या प्लास्टिकच्या पिशवीत जातीचा नि उत्पन्नाचा दाखला जपून ठेवलेला असतो. त्याला पाहून मला नेहमी वाटते, की आपल्याकडील उपेक्षितांच्या उच्च शिक्षणाचा इतिहास हा शाळा-कॉलेजांइतकाच राहण्या-जेवण्याच्या सोयीचाही इतिहास आहे.

हे मर्म राजर्षी शाहू छत्रपतींनी अचूक ओळखले होते. 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग झाले, आणि दरम्यान 26 जुलै 1902 च्या हुकुमाने संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या. भाकरी, विद्या आणि नोकरी ही तिन्ही टोके एका हाताने बांधण्याची ती दृष्टी होती.

यांपैकी एक टोक सुटले तर काय होते, हे बडोद्यात दिसले. सयाजीराव महाराजांनी 1913 साली भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली. बदल्यात दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याचा करारनामा होता. त्याप्रमाणे 1917 मध्ये कोलंबियाचा हा विद्वान बडोद्यास रुजू झाला, आणि शहरात त्याला खोली मिळेना! पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिला असता लाठ्या घेतलेला जमाव दारात आला, आणि त्यास सामान आवरून कामाठी बागेत बसावे लागले. सरकारी तनखा होता, पदव्या होत्या, डोक्यावर छप्पर मात्र नव्हते. पुढे 1946 साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले, याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था 1919 ची. 1924 साली साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीस बसवणारे वसतिगृह काढले, आणि एकदा धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासकट दागिने दिले. मला वाटते, महाराष्ट्रातल्या कोणत्याही शिष्यवृत्तीहून ते दान मोठे होते, कारण ते रोजच्या भाकरीसाठी होते. 1947 मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' ही पद्धत रूढ झाली. त्याच संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय आज पिंपरीत, कुरुळीहून फार दूर नाही.

सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या मुलांस भोजन-निवासाचा खर्च देणारी स्वाधार योजना आता आहे. तिचे नाव बाबासाहेबांचेच आहे. पण पैसा खात्यावर येईपर्यंत खोलीवाला थांबत नाही, आणि रात्रपाळीनंतर पत्र्याखाली दुपारची झोपही लागत नाही. कारखान्यांमुळे ज्या गावाच्या जमिनीला मोल आले, त्या गावाने गावठाणात पंचवीस मुलांपुरते एखादे बोर्डिंग, एक खानावळ आणि रात्रभर उघडी राहणारी अभ्यासिका उभारावी, अशी माझी ग्रामस्थांना कळकळीची विनंती आहे.