बिघाड कोणाला दिसतो?

मुळशी तालुक्यातले मारुंजी हे हिंजवडीला लागून असलेले गाव. आकुर्डी, पिंपरी आणि चाकण ही ठिकाणे येथून तीसेक किलोमीटरच्या आत येतात. स्कूटर, टेम्पो, ट्रक, मोटारी अशी कितीतरी प्रकारची वाहने या टापूत गेली साठ वर्षे तयार होत आली आहेत. तरीही मारुंजीत नव्याने राहायला आलेल्या माणसाची गाडी एखाद्या सकाळी सुरू झाली नाही, की तो शेजाऱ्याला विचारतो, ‘‘इथे जवळपास कोणी भरवशाचा मेकॅनिक आहे का हो?’’ हुशार मेकॅनिक कोण किंवा स्वस्त मेकॅनिक कोण, असे तो विचारत नाही. जिथे मोटारी बनतात तिथेही मोटार दुरुस्त करणाऱ्याचा भरवसा शोधावा लागतो, याचे नवल वाटते. या भरवशालाही एक इतिहास आहे, आणि त्याचे विज्ञानाच्या पद्धतीशी जवळचे नाते आहे.

आधी हा प्रश्न अवघड का आहे ते पाहू. आपण बाजारात कापड घेतो तेव्हा ते हाताने चाचपून पाहतो. आंबा कापल्याशिवाय गोड की आंबट ते कळत नाही, पण खाल्ल्यावर तरी कळते. मोटारीच्या दुरुस्तीचे तसे नाही. ‘‘पंप गेला होता, बदलला’’ असे मेकॅनिक म्हणतो, गाडी चालू होते, आपण पैसे देतो. पंप खरोखर गेला होता की नुसती एक वायर सैल झाली होती, हे आपल्याला काम होण्यापूर्वी कळत नाही आणि काम झाल्यावरही कळत नाही. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली अशा सेवांचा एक वेगळा गट पाडला. या सेवांमध्ये रोग सांगणारा आणि औषध विकणारा एकच असतो आणि ग्राहकाला पडताळा घेता येत नाही. मोटारदुरुस्ती हे त्यांचेही उदाहरण होते.

अडचण मात्र त्याहून जुनी आहे. अमेरिकेत १९४१ साली ‘रीडर्स डायजेस्ट’ या मासिकाने एक पाहणी करवली. चांगल्या स्थितीतल्या मोटारीच्या इग्निशन कॉइलची एक वायर मुद्दाम काढून ठेवायची, मग गॅरेजमध्ये जाऊन ‘‘गाडीत काहीतरी बिघाड आहे, बघा’’ एवढेच सांगायचे, अशी ती योजना होती. हा बिघाड शोधायला सर्वांत सोपा. अशा रीतीने ३४७ गॅरेजेस तपासली गेली. त्यांपैकी १२९ ठिकाणी वायर जोडून दिली गेली, फुकट किंवा किरकोळ पैशात. उरलेल्या २१८ ठिकाणी नको ते भाग बदलले गेले, न केलेल्या कामाचे पैसे लावले गेले किंवा जास्त आकारणी झाली. म्हणजे शंभरातली त्रेसष्ट गॅरेजेस नापास झाली. या पाहणीची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. बिघाड नेमका कोणता, हे पाहणी करणाऱ्याला आधीच माहीत होते. म्हणूनच त्याला पडताळा घेता आला. नेहमीच्या ग्राहकाकडे नेमके तेच नसते.

आता आपल्याकडे येऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि तिचीच वंशज असलेली प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. त्या काळी परवाना पद्धतीमुळे देशात मोटारींचे मोजकेच नमुने होते आणि ते वर्षानुवर्षे फारसे बदलत नव्हते. ग्राहकाच्या दृष्टीने ही गैरसोयच होती. नवी गाडी मिळायला वर्षे लागत, म्हणून असलेलीच पुन्हा पुन्हा दुरुस्त करावी लागे. पण याचा एक वेगळा परिणाम झाला. एकदा फियाटचे इंजीन खोलून बसवायला शिकलेल्या माणसाला ती विद्या जन्मभर पुरत असे. शिवाय मालकालाही थोडेफार कळत असे. बॉनेट उघडले की कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, प्लगच्या चार वायरी, सगळे डोळ्यांसमोर. मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत टिकली, त्यामागे अशा हातांचा मोठा वाटा होता.

पुण्याच्या बाजूला हे हात कोठून आले? १९६०च्या दशकात आकुर्डीला बजाज ऑटो आणि बजाज टेम्पो (आताची फोर्स मोटर्स) यांचे कारखाने उभे राहिले. १९६६ साली पिंपरी-चिंचवडला टेल्को (आताची टाटा मोटर्स) आली. याच काळात १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर उमेदवारांना शिकवण्याची जबाबदारी टाकली होती. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम होताच. कारखान्यात शिकलेल्या प्रत्येकाला तिथे कायमची नोकरी मिळतेच असे नाही. अशांपैकी काहींनी रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकली. त्यांच्या हाताखाली पाने पुसणारी, चहा आणणारी पोरे पाहून पाहून शिकली आणि पुढे स्वतः ‘उस्ताद’ झाली. म्हणजे या पट्ट्यातल्या गॅरेजांत दोन परंपरा मिसळल्या: मोजमाप आणि नकाशा मानणारी कारखान्याची परंपरा आणि कान-नाक-बोटे मानणारी उस्तादाची परंपरा.

या उस्तादांची एक जुनी चाचणी पाहण्यासारखी आहे. चार सिलिंडरचे इंजीन थरथरत चालते आहे, गाडी ‘मिसिंग’ करते आहे. एक सिलिंडर काम करत नाही, पण कोणता? उस्ताद इंजीन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून पाहतो. वायर काढली आणि इंजीन आणखी मंदावले, तर तो सिलिंडर काम करत होता. वायर काढूनही आवाजात काहीच फरक पडला नाही, तर दोषी तोच. (या वायरीत हजारो व्होल्टचा दाब असतो, त्यामुळे हा प्रयोग विद्यार्थ्यांनी करून पाहायचा नाही.) एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सर्व तशीच ठेवायची आणि परिणाम पाहायचा, ही प्रयोगशाळेतली पद्धत तो जराही गाजावाजा न करता वापरत असे. शिवाय शेजारी उभ्या असलेल्या मालकालाही तो फरक ऐकू येत असे. भरवशाचा पाया हाच होता. उस्ताद प्रामाणिक असेल किंवा नसेल, पण त्याचे अनुमान तपासायला ग्राहकाचे कान पुरेसे होते.

पुढे ही स्थिती बदलली, आणि ती बदलण्याचे मूळ कारण हवेचे प्रदूषण हे होते. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना धुराड्यात उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बसवणे सक्तीचे झाले. तीन प्रकारचे विषारी घटक एकाच वेळी नष्ट करणारा परिवर्तक नीट काम करण्यासाठी इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ याच्या अगदी जवळ राहावे लागते. कार्ब्युरेटर हे काम हवेच्या दाबातल्या फरकावर चालवतो. चढ, उतार, थंडी, ऊन अशा बदलत्या स्थितींत त्याला इतके अचूक प्रमाण सांभाळता येत नाही. २००० सालापासून प्रदूषणाचे निकष टप्प्याटप्प्याने कडक होत गेले आणि नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला. धुरातला प्राणवायू मोजणारा संवेदक, हवेचे तापमान मोजणारा संवेदक, इंजिनाचे फेरे मोजणारा संवेदक असे अनेक संवेदक आले. त्यांची मोजमापे घेऊन पेट्रोल किती फवारायचे आणि ठिणगी कधी पाडायची, हे ठरवणारा छोटा संगणक आला. हवा स्वच्छ ठेवायला हे आवश्यकच होते. पण आता बॉनेट उघडले की प्लास्टिकचे झाकण दिसते, बिघाड दिसत नाही.

अर्थात हा संगणक बिघाडाची नोंदही ठेवतो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की सांकेतिक क्रमांक वाचता येतात. उदाहरणार्थ, ‘पी०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते आहे. त्यावरून वाटेल की पडताळ्याचा प्रश्न सुटला. यंत्रानेच सांगितले, वाद मिटला. पण नीट पाहा. कोणता सिलिंडर, एवढेच हा क्रमांक सांगतो. का, ते सांगत नाही. प्लग खराब असेल, त्याची कॉइल गेली असेल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर तुंबला असेल किंवा व्हॉल्व्ह गळत असेल. ताप १०२ आहे हे थर्मामीटर सांगतो, म्हणून त्याने रोग सांगितला असे होत नाही.

येथे दोन प्रकारचे मेकॅनिक वेगळे पडतात. एक जण क्रमांक वाचून कॉइल बदलतो. फरक पडला नाही तर प्लग, मग इंजेक्टर. गाडी अखेर चालू होते आणि तिन्ही भागांचे पैसे आपल्या बिलात येतात. दुसरा पहिल्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवतो, दुसऱ्याची पहिल्यावर. गाडी चालवून पुन्हा क्रमांक वाचतो. आता ‘पी०३०२’ आला, म्हणजे बिघाड कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे गेला; कॉइलच दोषी. ‘पी०३०१’ कायम राहिला, तर कॉइल निर्दोष, पुढचा संशयित तपासा. या अदलाबदलीत एकही नवा भाग खर्च होत नाही. प्लगची वायर काढून पाहणाऱ्या जुन्या उस्तादाचीच ही युक्ती, नव्या यंत्रावर. जुन्या पद्धतीने चालू इंजिनाची वायर काढत राहणे आता चालतही नाही. न जळलेले पेट्रोल परिवर्तकात जाऊन जळते आणि तो अतितापून खराब होऊ शकतो. हत्यारे बदलली, जुन्या चाचण्या धोक्याच्या ठरल्या, तरी विचाराची पद्धत तीच राहिली.

मात्र ही पद्धत वापरायला माहिती हाताशी लागते. काही सांकेतिक क्रमांक सर्व कंपन्यांना समान आहेत, पण प्रत्येक कंपनीचे स्वतःचेही असतात. ते वाचण्याची साधने, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि मूळ सुटे भाग अनेक वर्षे केवळ कंपनीच्या अधिकृत केंद्रांनाच मिळत. भारतीय स्पर्धा आयोगाकडे २०११ साली याबाबत तक्रार आली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना दोषी ठरवून एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. त्या यादीत पिंपरी, चाकण, तळेगाव या आपल्याच टापूत कारखाने असलेल्या कंपन्याही होत्या. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांनाही मिळावीत. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असे आयोगाने बजावले. कंपन्यांनी अपिले केली आणि प्रकरण पुढे वर्षानुवर्षे चालले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काविषयीचे संकेतस्थळ सुरू केले. पत्र्याच्या शेडमधला मेकॅनिक अनेकदा अप्रामाणिक नसतो. त्याला बिघाड पाहण्याची खिडकीच मिळालेली नसते, आणि मग तो अंदाजाने भाग बदलत जातो. त्याच्या अज्ञानाचे आणि दुसऱ्या एखाद्याच्या लबाडीचे बिल ग्राहकाला सारखेच दिसते.

आता मारुंजीच्या त्या प्रश्नाकडे येऊ. जुन्या गावात भरवशाची आणखी एक व्यवस्था होती. मेकॅनिक, त्याचे वडील, त्याचे घर सगळ्यांना ठाऊक असे. एकाला फसवले तर चार दिवसांत गावभर होई. हिंजवडीच्या संगणक उद्योगांमुळे या परिसरात बाहेरून लोक आले. त्यांतले अनेक जण भाड्याने राहतात आणि काही वर्षांनी निघून जातात. अशा वस्तीत कीर्ती आणि अपकीर्ती दोन्ही रुजायला वेळ लागतो. मग ‘माणूस चांगला आहे’ या ऐकीव माहितीवर विसंबण्यापेक्षा काही प्रश्न विचारण्याची सवय अधिक उपयोगी पडते. बिघाड हाच आहे हे तुम्ही कशावरून ठरवले? दुसरे कोणते कारण असू शकत होते, आणि ते कसे वगळले? काढलेला जुना भाग दाखवाल का? स्कॅनरवर आधी काय आले होते आणि काम झाल्यावर काय आले? जाणकार मेकॅनिकला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट आपले काम समजून घेणारा ग्राहक भेटला म्हणून तो दोन गोष्टी जास्त सांगतो. आणि ‘‘अजून नक्की कळलेले नाही, उद्यापर्यंत गाडी ठेवा’’ असे जो म्हणतो, त्याच्याकडे पुन्हा जायला हरकत नाही.

शिक्षकांना हा धडा मोटारीशिवायही घेता येईल. तीन जुन्या पण एकसारख्या विजेऱ्या घ्या. एकीत संपलेला सेल घाला, दुसरीत गेलेला बल्ब बसवा, तिसरीच्या स्प्रिंगवर कागदाचा कपटा लावा. तिन्ही विजेऱ्या सारख्याच बंद दिसतील. मुलांच्या प्रत्येक गटाला एक बंद आणि एक चालू विजेरी द्या. नियम एकच: एका वेळी एकच भाग अदलाबदल करायचा आणि प्रत्येक अदलाबदलीपूर्वी ‘असे झाले तर काय कळेल, तसे झाले तर काय कळेल’ हे वहीत लिहायचे. शेवटी प्रत्येक गटाने आपले निदान दुसऱ्या गटाला पटवून द्यायचे, नुसती वही दाखवून. ज्या गटाने आधी सगळेच भाग बदलून विजेरी पेटवली असेल, त्याच्याकडे पटवण्यासारखे काही उरणार नाही. या मुलांपैकी काही जण उद्या चाकणच्या कारखान्यात जातील, काही गॅरेज काढतील आणि बहुतेक जण गाडी घेऊन त्या गॅरेजच्या दारात उभे राहतील. ‘कशावरून?’ हा प्रश्न त्या सगळ्यांनाच लागणार आहे.