धातूच्या गिटारची जन्मपत्रिका

जुन्या वस्तूचे वय विचारले, की घरातली मंडळी आधी आजोबांचे नाव सांगतात. घड्याळ आजोबांचे, म्हणजे शंभर वर्षांचे. ट्रंक पणजोबांची, म्हणजे त्याहून जुनी! आठवण खोटी नसते. पण वस्तू घरात कधी आली आणि कारखान्यातून कधी बाहेर पडली, या दोन तारखा वेगळ्या असतात. आम्हा रेल्वे वर्कशॉपमधल्या लोकांना हा फरक रोज दिसतो. डब्यावर पीओएचची, म्हणजे मोठ्या दुरुस्तीची तारीख रंगवलेली असते. ती डब्याची जन्मतारीख नव्हे. चाकावर बनावटीचे वर्ष ठोकलेले असते. ते त्या चाकाचे, डब्याचे नव्हे. एकाच डब्यात तीन-चार वेगवेगळ्या वयांचे भाग सुखाने नांदत असतात.

हेच सूत्र धरून यंदा एका वेगळ्या वस्तूविषयी लिहितो आहे. ती म्हणजे रेझोनेटर गिटार. हिचे धड पुष्कळदा धातूचे असते आणि पोटात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा शंकू असतो. आपल्या पूर्वेकडच्या शहरांत हवाईयन गिटारची परंपरा मोठी असल्याने एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर ती आजही सापडू शकते.

आधी तिचा इतिहास पाहू, कारण वय ठरवण्याच्या खुणा त्यातच दडलेल्या आहेत. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. तिथल्या हवाईयन वादकांमुळे मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या गिटारचे अमेरिकेला वेड लागले. पण वाद्यवृंदातल्या पितळी वाद्यांपुढे बिचाऱ्या लाकडी गिटारचा आवाज कुणाला ऐकू जाणार? विजेवर चालणारी गिटार तेव्हा बाजारात नव्हती. लॉस एंजेलिसमधील वादक जॉर्ज बीचम आणि स्लोव्हाकियातून अमेरिकेत आलेले वाद्यकारागीर जॉन डोपेरा यांनी यावर उपाय काढला. तारांची घोडी थेट ॲल्युमिनियमच्या शंकूवर टेकवली, म्हणजे तारेचे कंपन शंकूला मिळते आणि तो लाऊडस्पीकरच्या पडद्यासारखा हवा हलवतो. १९२७ मध्ये ‘नॅशनल’ या नावाने अशा गिटार बाजारात आल्या. त्यांची धातूची धडे अडॉल्फ रिकनबॅकर यांच्या कारखान्यात प्रेसवर दाबून काढली जात.

पुढे भागीदारांचे बिनसले. डोपेरा बाहेर पडले आणि भावांसह त्यांनी ‘डोब्रो’ कंपनी काढली. डोपेरा ब्रदर्स या नावातली अक्षरे घेऊन हा शब्द झाला, शिवाय स्लोव्हाक भाषेत डोब्रो म्हणजे चांगले! १९३० च्या दशकात या दोन्ही कंपन्या पुन्हा एक झाल्या आणि १९३६ मध्ये कारभार शिकागोला गेला. गंमत अशी, की बीचम आणि रिकनबॅकर यांनीच १९३२ च्या सुमारास विजेची गिटार बाजारात आणली. ज्या अडचणीसाठी शंकू जन्माला आला, ती अडचणच सुटली. त्यात युद्ध आले, धातू लढाईच्या कामी लागला आणि १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला हे उत्पादन थांबले. म्हणजे अस्सल जुन्या मालाचा काळ जेमतेम पंधरा वर्षांचा!

आता ओळख कशी पटवायची? पहिली पायरी पोटात डोकावण्याची. वरच्या जाळीदार तबकडीच्या छिद्रांतून टॉर्च मारून पाहावे. तीन लहान शंकू आणि त्यांना जोडणारी इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी पट्टी दिसली, तर ती १९२७ ची मूळ नॅशनल रचना. एकच शंकू असेल, त्याचे टोक तारांकडे असेल आणि टोकावर बिस्किटाएवढी लाकडी चकती असेल, तर ती नॅशनलची एकशंकू रचना. शंकू वाटीसारखा उलटा असेल आणि त्याच्या काठावर आठ पायांचा कोळी बसवल्यासारखा सांगाडा असेल, तर ती डोब्रोची रचना. पण रचना म्हणजे कंपनी नव्हे, कारण या तिन्ही रचनांच्या नकला पुढे निघाल्या.

दुसरी पायरी लोहचुंबकाची. तीन शंकूंच्या नॅशनल गिटार बहुतेक जर्मन सिल्व्हरच्या असत. हा तांबे, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू. नावात चांदी असली तरी अंगात नाही. १९३० पासून निघालेल्या ‘स्टाइल ओ’ या मॉडेलचे धड निकेल चढवलेल्या पितळेचे. अगदी सुरुवातीच्या काहींचे मात्र पोलादी. त्याच वर्षी निघालेले स्वस्त ‘ड्युओलियन’ पोलादाचे, वर रंग दिलेले. चुंबक चिकटला तर पोलाद, नाही चिकटला तर पितळ किंवा जर्मन सिल्व्हर. एवढ्या एका चाचणीने निम्मे काम होते.

तिसरी पायरी दांडीची. सतारीला असतात तसे पडदे गिटारलाही असतात. दांडी धडाला बाराव्या पडद्यापाशी मिळते की चौदाव्या, ते मोजावे. नॅशनलच्या धातूच्या गिटार १९३४-३५ च्या सुमारास बारावरून चौदावर गेल्या. दांडी पाठीमागून चौकोनी असेल, तर ती मांडीवर ठेवून वाजवायचीच होती. खुंट्यांच्या माथ्याच्या वरच्या कडेवर क्रमांक ठोकलेला असतो. स्टाइल ओच्या आधी ‘एस’ आणि ड्युओलियनच्या आधी ‘सी’ हे अक्षर येई. शिकागोला गेल्यावर ही पद्धत बदलली. अशी बरीच माहिती बॉब ब्रोझमन या वादकाने १९९३ च्या आपल्या पुस्तकात एकत्र केली आहे आणि अभ्यासक आजही ते उघडून बसतात.

चौथी पायरी बारीकसारीक गोष्टींची, आणि माझ्या मते तीच सर्वांत प्रामाणिक. चार फाट्यांचे फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर प्रचारात आले. त्याआधीच्या वाद्यावर तो दिसला, तर वाद्य नंतर कुणीतरी उघडले आहे. दांडीत किल्लीने फिरवून ताण बदलायची सळई असेल, तर ते युद्धापूर्वीचे नॅशनल नव्हेच. नुसत्या नावावर तर मुळीच जाऊ नये. डोब्रो हे नाव १९६० च्या आसपास पुन्हा बाजारात आले, हातोहाती फिरले आणि १९९३ मध्ये गिब्सन कंपनीकडे गेले. नॅशनलच्या धर्तीवर कॅलिफोर्नियात १९८९ मध्ये नवी कंपनी निघाली. त्यानंतर आशियातल्या कारखान्यांतूनही अशा चकचकीत गिटार येऊ लागल्या. तेव्हा माथ्यावरचे नाव तेवढे वाचून वय सांगणे म्हणजे पाटी वाचून गाडीचे इंजिन ओळखण्यासारखे!

या सगळ्याचा उपयोग काय, ते एका उदाहरणाने सांगतो. काही वर्षांपूर्वी इथे खरगपूरला एका निवृत्त अँग्लो-इंडियन ड्रायव्हरच्या घरच्यांनी मला एक गिटार पाहायला बोलावले. घर रिकामे करायचे होते आणि भंगारवाल्याने पितळेच्या वजनाने भाव सांगितला होता. घरची आठवण अशी, की १९४५ मध्ये परत जाताना एका अमेरिकन सैनिकाने ती आजोबांना दिली. आठवण अशक्य नव्हती. युद्धकाळात अमेरिकेच्या विसाव्या बॉम्बर कमांडचे मुख्यालय इथेच हिजलीला होते, आणि १९५१ मध्ये आयआयटी सुरू झाली तीही त्याच हिजली बंदिशाळेच्या इमारतीत.

टॉर्च मारला, आत एक शंकू आणि लाकडी चकती. चुंबक चिकटला नाही. वाजवणाऱ्याचा उजवा हात जिथे टेकतो तिथला निकेलचा मुलामा झिजून अक्षरशः पितळ उघडे पडले होते, आणि या वेळी ते चांगलेच झाले! अंगावर वाळूचा मारा करून उमटवलेली ताडामाडांची चित्रे, दांडी बाराव्या पडद्याला, क्रमांकाआधी एस. व्हायोलिनसारखी जी छिद्रे वरच्या अंगाला असतात, त्यांच्या कडा सरळ कापलेल्या होत्या. त्या आत वळवण्याची पद्धत काही वर्षांनी आली. म्हणजे स्टाइल ओ, १९३० च्या दशकाच्या पहिल्या तीन-चार वर्षांतली. एकच वर्ष सांगण्याचा हट्ट मी धरला नाही. तबकडीचे दोन स्क्रू फिलिप्सचे, म्हणजे नंतरची दुरुस्ती. दांडीच्या टोकाशी तारा उचलून धरणारी एक पोलादी पट्टी बसवली होती. म्हणजे गोल दांडीची गिटार कुणीतरी मांडीवर घेऊन हवाईयन ढंगाने वाजवत होते.

तो ढंग इथे परका नव्हता. सामोआत जन्मलेले आणि हवाईत वाढलेले वादक ताऊ मो युद्धाच्या काळात कुटुंबासह कलकत्त्यात राहिले होते. पुढे बंगालमध्ये हवाईयन गिटारवर रवींद्रसंगीत घरोघरी वाजू लागले. घरच्यांची आठवण आणि धातूची साक्ष यांत भांडण नव्हतेच. गिटार तयार झाली अमेरिकेत, इथे पोचली दहा-बारा वर्षांनी आणि इथल्या पद्धतीची झाली. तीन तारखा, तिन्ही खऱ्या. वस्तू भंगारात गेली नाही, हे वेगळे सांगायला नको.

शेवटी एक विनंती. अशी एखादी वस्तू आपल्या घरी किंवा शेजारी निघाली, तर सणासुदीची भांडी घासतो तशी पितांबरी लावून ती घासू नका. नवे क्रोम तर मुळीच चढवू नका. झीज, जुना मुलामा, मूळचे स्क्रू हेच तिचे कागदपत्र आहेत. ते पुसले की उरते ते नुसते पितळ. आतला शंकू पातळ असतो, म्हणून तबकडी स्वतः उघडू नका. तारा सैल करा, सर्व बाजूंनी फोटो काढा, क्रमांक लिहून ठेवा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ती कुणी आणली, कोण वाजवत असे, हे विचारून त्याच कागदावर टिपून ठेवा. कारखान्याची तारीख पत्रा सांगेल. वाजवणाऱ्याचे नाव मात्र माणसालाच सांगावे लागते, आणि ते सांगणारी माणसे कमी होत चालली आहेत.