जेऊर ते सरस्वती : विश्वाच्या उतरंडीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

सूर्यमाला ही आकाशगंगेचा अल्पसा घटक, आकाशगंगा ही असंख्य दीर्घिकांपैकी एक आणि या सर्वांना सामावून घेणारे ते विश्व, ही उतरंड आज पाठ्यपुस्तकात एका वाक्यात सांगितली जाते. त्यामुळे ती पूर्वापार ज्ञात होती, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. वस्तुतः तिला जेमतेम शंभर वर्षांचा इतिहास आहे. सोलापूर जिल्ह्यातील एका घटनेच्या आधारे या इतिहासाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

जेऊर येथील वेध

22 जानेवारी 1898 रोजी करमाळा तालुक्यातील जेऊर येथून खग्रास सूर्यग्रहण दिसले. मुंबई इलाख्यात प्लेगची साथ चालू असतानाही पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला तेथे उपकरणांसह गेले. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल यांचा तळही जेऊर येथेच होता. सुमारे दोन मिनिटांच्या खग्रास स्थितीत सूर्याच्या प्रभामंडलाचा अभ्यास झाला.

सूर्याविषयी इतके सूक्ष्म प्रश्न विचारणाऱ्या या पिढीपुढे एक मूलभूत प्रश्न मात्र अनुत्तरित होता. नायगमवाला यांनी 1891 मध्ये मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. त्या काळी मृगातील तेजोमेघ आणि देवयानीतील अंधूक ठिपका या दोहोंना ‘नेब्युला’ हे एकच नाव होते. पहिला आपल्यापासून सुमारे 1,300 प्रकाशवर्षे, तर दुसरा सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणजे एक आकाशगंगेच्या आत, तर दुसरा तिच्या बाहेर. अंतर मोजण्याचे साधन नसल्याने हा भेद सिद्ध करता येत नव्हता.

उतरंडीची उकल

1912 मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. पुढील तेरा वर्षांत हा प्रश्न सुटला, तो मात्र अमेरिकेत. 1918 मध्ये शॅप्ले यांनी सूर्य आकाशगंगेच्या केंद्रस्थानी नसल्याचे दाखविले. हबल यांनी देवयानीतील सेफीड जातीच्या रूपविकारी ताऱ्यांवरून अंतर काढले. 1925 च्या प्रारंभी जाहीर झालेल्या त्या निष्कर्षाने देवयानी ही स्वतंत्र दीर्घिका ठरली. 1929 मध्ये दीर्घिकांचे अंतर व दूर जाण्याचा वेग यांतील संबंध त्यांनी मांडला.

यातून परस्परसंबंधाचे स्वरूपही स्पष्ट झाले. ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतो, तो गुरुत्वाकर्षणामुळे. सूर्याच्या एका प्रदक्षिणेस सुमारे 23 कोटी वर्षे लागतात. दीर्घिकांचे समूहही गुरुत्वाकर्षणानेच बांधलेले असतात. परंतु समूहासमूहांमधील अंतर मात्र विश्वाच्या प्रसरणाने वाढत राहते. म्हणजेच विश्व ही केवळ मोठ्या आकाराची दीर्घिका नव्हे.

2017 मध्ये पुण्यातील आयुका व आयसर या संस्थांतील संशोधकांच्या सहभागाने मीन राशीच्या दिशेस ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह शोधला गेला. तो सुमारे 400 कोटी प्रकाशवर्षे दूर असून त्याचा विस्तार सुमारे 60 कोटी प्रकाशवर्षे आहे.

समारोप

जेऊर स्थानकावरून आपले विद्यार्थी आजही पुण्याला जातात. विश्वाची उतरंड शिकविताना ती कोणी, कशाच्या आधारे आणि किती चाचपडत शोधली, हेही सांगितले पाहिजे. एका व्यक्तीच्या निवृत्तीबरोबर वेधशाळा मिटते, तेव्हा प्रश्न विचारण्याची परंपराही खंडित होते. ज्ञानाला व्यक्तीइतकीच टिकाऊ संस्थांची गरज असते, हाच या इतिहासाचा बोध होय.